हाक एक, ठिकाणे तीन

गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगून सुरुवात करतो. नातीचा एका प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. शेवटचा दिवस, रात्रीचे साडेदहा वाजलेले. सगळी माहिती भरून झाली, फी भरायचे बटण दाबले. पडद्यावर चक्र फिरू लागले. तेवढ्यात फोनवर बँकेचा मेसेज आला, पैसे गेले. चक्र मात्र फिरतच होते. दोन-तीन मिनिटांनी पडद्यावर एक ओळ उमटली: काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा. नातीने माझ्याकडे बघून विचारले, "आजोबा, परत भरू का?"

आता बघा, मी तीसेक वर्षे ज्ञानमीमांसा शिकवली. आपल्याला कळते म्हणजे नेमके काय होते, हाच माझा धंदा. आणि या साध्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. फी पोचली का? माहीत नाही. फॉर्म नोंदला गेला का? माहीत नाही. परत भरली तर दोनदा जाईल का? तेही माहीत नाही. घड्याळ पुढे चालले होते. आम्ही परत भरली. पहिली रक्कम काही दिवसांनी मुकाट्याने खात्यात परत आली.

पैसे आले, पण प्रश्न गेला नाही. माझा एक जुना विद्यार्थी वेब अ‍ॅप्लिकेशन बनवण्याच्या कामात आहे. त्याला म्हटले, हे मला मुळापासून समजावून सांग. त्याने थोडे सांगितले आणि पुष्कळ वाचायला दिले. आज मी जे बोलणार आहे ते त्या वाचनाचे परीक्षण आहे. प्रोग्रॅम कसा लिहावा हे मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. एक संकल्पना तिथे वापरली जाते, ती तपासायची आहे.

कामाची तीन ठिकाणे

वेब अ‍ॅप्लिकेशनला अनेक छोटी कामे करायची असतात. फोटो लहान करायचा, पावती तयार करायची, ईमेल पाठवायचा, हिशेब करायचा. असे काम तीन ठिकाणी होऊ शकते. पहिले ठिकाण म्हणजे जागच्या जागी. ज्या ओळीने काम सांगितले ती ओळ काम संपेपर्यंत थांबते, मग पुढची ओळ. दुसरे ठिकाण म्हणजे त्याच प्रोग्रॅममधला वेगळा थ्रेड. थ्रेड म्हणजे एकाच स्वयंपाकघरातला दुसरा आचारी समजा. ओटा तोच, डबे तेच, हात वेगळे. तिसरे ठिकाण म्हणजे दुसरेच यंत्र, कदाचित दुसऱ्या खंडातले. हे म्हणजे बाहेर दिलेली जेवणाची ऑर्डर.

काम वाटावे का लागते? कारण वेळ. ब्राउझरचा पडदा सेकंदाला साधारण साठ वेळा नव्याने रंगवला जातो, म्हणजे एका चित्राला सोळा-सतरा मिलिसेकंद मिळतात. पडदा रंगवणे, तुमचे बटण ऐकणे आणि पानावरचा जावास्क्रिप्ट चालवणे ही कामे सहसा एकाच मुख्य थ्रेडवर होतात. तिथे कुणी दोन सेकंदांचा हिशेब मांडून बसला तर पान गोठते. म्हणून तो हिशेब 'वेब वर्कर' नावाच्या वेगळ्या थ्रेडला देतात, नाहीतर सर्व्हरकडे पाठवतात. सर्व्हरवरही हेच. पावतीची पीडीएफ तयार होईपर्यंत ग्राहकाला कशाला ताटकळत ठेवायचे? ते काम रांगेत टाका, दुसरा कुणीतरी करील.

इथपर्यंत सगळे शहाणपणाचे आहे. टीका सुरू होते ती पुढच्या पायरीवर. पुढची पायरी अशी: काम कुठे होणार हे काम सांगणाऱ्या ओळीत लिहायचे नाही. ओळ एकच ठेवायची आणि ठिकाण बाजूच्या एका सेटिंगमध्ये ठरवायचे. सेटिंग बदलले की काम जागच्या जागी, थ्रेडवर किंवा दूरच्या यंत्रावर. हाक एक, ठिकाणे तीन.

या गुणाला तिथे 'ट्रान्स्परन्सी' म्हणतात, पारदर्शकता. मला हा शब्द वाचून गंमत वाटली. आपण म्हणतो, ग्रामपंचायतीचा कारभार पारदर्शक हवा, म्हणजे आत काय चालले आहे ते सगळ्यांना दिसले पाहिजे. संगणकवाल्यांच्या भाषेत ठिकाण पारदर्शक झाले म्हणजे ठिकाण दिसेनासे झाले. काच इतकी स्वच्छ की तिच्यावर डोके आपटेपर्यंत ती आहे हे कळत नाही.

एक नमुना

नमुना म्हणून एक प्रत्यक्ष व्यवस्था घेऊ. रूबी भाषेत वेब अ‍ॅप्लिकेशन बनवण्यासाठी 'रेल्स' नावाचा प्रसिद्ध सांगाडा आहे. त्याच्या 4.2 या आवृत्तीत, 2014 च्या डिसेंबरात, 'अ‍ॅक्टिव्ह जॉब' हा भाग आला. यात काम सांगायची ओळ म्हणजे 'परफॉर्म लेटर', नंतर कर. आणि सेटिंगमध्ये अ‍ॅडॅप्टर निवडायचा. 'इनलाइन' निवडला तर काम जागच्या जागी. 'असिंक' निवडला तर त्याच प्रक्रियेतल्या थ्रेडवर. 'साइडकिक'सारखा निवडला तर कामाची चिठ्ठी रेडिस या साठ्यात जाते आणि स्वतंत्र चालणारी, बहुधा दुसऱ्या यंत्रावरची प्रक्रिया ती उचलून काम करते.

आता शब्दांकडे लक्ष द्या. 'इनलाइन' लावला असेल तर 'नंतर कर' असे लिहिलेले काम आत्ताच, तिथल्या तिथे होते. म्हणजे शब्द एक सांगतो आणि घडते दुसरे. यात कुणाचा खोटेपणा नाही, चाचणीच्या सोयीसाठी ते तसे केले आहे. पण भाषेच्या अभ्यासकाने इथे थांबले पाहिजे. त्यातही एक मजेशीर जागा आहे. 'उद्या सकाळी नऊला कर' असे 'इनलाइन'ला सांगितले तर तो स्पष्ट नकार देतो: हे मला जमणार नाही, रांगेची खरी व्यवस्था लावा. तिथे मात्र तो प्रामाणिक आहे. 'नंतर' या मोघम शब्दाची फसवणूक चालते, 'नऊ वाजता' या ठाम शब्दाची चालत नाही.

दुसरी जागा अधिक महत्त्वाची. समजा प्रोग्रॅमने एक ऑर्डर डेटाबेसात लिहिली, पण तो व्यवहार अजून पक्का केलेला नाही, आणि त्याच दरम्यान 'पावती पाठव' असे काम रांगेत टाकले. जागच्या जागी चालवले तर काम त्याच जोडणीतून बघते, ऑर्डर दिसते, पावती जाते. चाचणी पास. तेच काम दूर पाठवले आणि तिकडचा कामगार चपळ निघाला, तर तो डेटाबेसात जाऊन विचारतो, ही ऑर्डर कुठे आहे? आणि त्याला ती सापडत नाही, कारण इकडचा व्यवहार अजून पक्का झालेला नाही. ओळ तीच, सेटिंग बदलले आणि अस्तित्वात असलेली वस्तू नाहीशी झाली. व्यवहार पक्का होईपर्यंत काम रांगेत टाकणे लांबवण्याची सोय रेल्समध्येच आली ती 7.2 या आवृत्तीत, 2024 साली. तोवर दहा वर्षे ज्याने त्याने आपापली ठेच खाऊन हे शिकायचे होते.

तिसरी जागा 'असिंक'ची. तिथे रांग प्रोग्रॅमच्या स्मृतीत असते. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला की रांगेतली कामे गेली. कुणाला कळवणे नाही, नोंद नाही. रेल्सचे स्वतःचे दस्तऐवज हे सांगतात आणि प्रत्यक्ष वापरात हा अ‍ॅडॅप्टर लावू नका असेही सांगतात. म्हणजे दस्तऐवज सांगतो, पण ओळ सांगत नाही.

पूर्वपक्ष

आपल्याकडे आधी पूर्वपक्ष मांडतात, आणि तो असा मांडायचा असतो की पूर्वपक्ष्यानेच म्हणावे, हो, मला हेच म्हणायचे होते. तेव्हा एकसारख्या हाकेच्या बाजूने काय म्हणता येईल ते आधी बघू.

पहिला मुद्दा, सगळा अमूर्त विचार असाच चालतो. मी पत्र टाकताना ते रेल्वेने जाईल की विमानाने, याचा विचार करत नाही. करावा लागला तर पत्रच लिहून होणार नाही. दुसरा मुद्दा, बदलाची सोय. आज शंभर ग्राहक आहेत, काम जागच्या जागी भागते. उद्या लाख झाले तर प्रत्येक ओळ बदलत बसायचे का? सेटिंग बदलले की झाले. तिसरा मुद्दा, चाचणी. दूरचे यंत्र उभे न करता आपल्या टेबलावर सगळे तपासता येते. चौथा मुद्दा श्रमविभागणीचा. काम काय हे लिहिणारा वेगळा, काम कुठे हे ठरवणारा वेगळा.

हे चारही मुद्दे मला मान्य आहेत. माझ्या विद्यार्थ्याने तर सांगितले, सर, ही सोय नसती तर निम्मी वेब अ‍ॅप्लिकेशन्स उभीच राहिली नसती. मी त्यावर विश्वास ठेवतो. प्रश्न असा आहे की ठिकाण झाकताना त्याच्याबरोबर आणखी काय झाकले गेले?

दोन निबंध, दहा वर्षांच्या अंतराने

या वादातला पहिला मोठा दस्तऐवज 1984 चा आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी दूरच्या यंत्रावरचे काम साध्या फंक्शनला हाक मारावी तसे करण्याची व्यवस्था बनवली आणि त्यावर निबंध लिहिला. दूरची हाक शक्य तितकी जवळच्या हाकेसारखी असावी, हा त्यांचा हेतू. या निबंधाकडे नंतरच्या लोकांनी पारदर्शकतेचा मूळ ग्रंथ म्हणून पाहिले. पण तो नीट वाचला तर लेखक फार सावध आहेत असे दिसते. ते एक गोष्ट स्वच्छ सांगतात. उत्तर परत आले, तर काम नेमके एकदा झाले. उत्तराऐवजी अपवाद आला, तर काम एकदा झाले असेल किंवा मुळीच झाले नसेल, आणि यातले कोणते, हे हाक मारणाऱ्याला सांगितले जाणार नाही.

मित्रहो, माझ्या नातीचा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी इथे लिहून ठेवलेला आहे. झाले असेल किंवा नसेल, आणि तुला सांगणार नाही. मूळ लेखकांनी हे लपवले नव्हते. लपवले ते वारसदारांनी, सोयीचा अर्धा भाग उचलून.

दुसरा दस्तऐवज 1994 चा. सन मायक्रोसिस्टिम्सच्या प्रयोगशाळेतले जिम वाल्डो, जेफ वायंट, अ‍ॅन वोलराथ आणि सॅम केंडल यांचे एक टिपण. नावच साधे आहे: वितरित संगणनावरील टिपण. त्यांचे म्हणणे असे, की जवळचे आणि दूरचे काम एकाच साच्यात बसवण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा होतो आणि पुन्हा पुन्हा फसतो. कारण फरक चार आहेत: लागणारा वेळ, स्मृतीपर्यंतची पोच, अर्धवट बिघाड आणि एकाच वेळी अनेक कामे चालणे.

वेळेचा फरक समजायला सोपा. पुण्याहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत सरळ अंतर सुमारे तेरा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे नुसते जाऊन-येऊन एकशेतीस मिलिसेकंद, कितीही पैसे खर्च केले तरी. तेवढ्या वेळात जवळचे यंत्र कोट्यवधी साध्या क्रिया करून मोकळे होते. स्मृतीचा फरकही समजतो. जवळ असताना वस्तूकडे बोट दाखवता येते, दूर असताना तिची नक्कल पाठवावी लागते. वेब वर्कर तर जवळचाच थ्रेड, पण त्याच्याशीही सहसा नकलांवरच व्यवहार चालतो, आणि फंक्शन तर पाठवताच येत नाही. म्हणजे ब्राउझरच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या आचाऱ्याला सहसा आपला डबा मिळत नाही, वाटीत काढून दिलेला जिन्नस मिळतो.

या दोन फरकांवर इलाज निघू शकेल, असे लेखक मानतात. खरी अडचण अर्धवट बिघाडाची आणि समांतरतेची. जागच्या जागी चाललेले काम कोसळले तर सहसा हाक मारणाराही कोसळतो, किंवा त्याला ताबडतोब कळते. थ्रेडवरच्या कामाचा क्रम कळत नाही, कोण आधी कोण नंतर याचा गोंधळ होतो, पण दोघांची नियती एक असते. घर पडले तर दोघे गेले. दूरच्या कामात क्रमही कळत नाही आणि नियतीही वेगळी. तिकडचे यंत्र मेले तरी इकडचे जिवंत राहते आणि वाट बघत राहते. त्याला हे कळत नाही की समोरचा मेला, की झोपला, की उत्तर देऊन बसला आणि उत्तर वाटेत हरवले.

त्यांनी दिलेले उदाहरण नेटवर्कवरच्या फाइल व्यवस्थेचे, एनएफएसचे आहे, तेही त्यांच्याच कंपनीने बनवलेल्या. दूरच्या फायली अगदी आपल्या डिस्कवरच्या फायलींसारख्या दिसतात. मग सर्व्हर बंद पडला तर? दोनच मार्ग. 'सॉफ्ट' जोडणीत प्रोग्रॅमला कधी न पाहिलेली चूक कळवली जाते आणि तो गडबडतो. 'हार्ड' जोडणीत तो सर्व्हर परत येईपर्यंत गोठून बसतो. तिसरा मार्ग नाही, कारण त्या इंटरफेसमध्ये 'माहीत नाही' म्हणायला शब्दच नाही. आपल्याच घरचे उदाहरण टीकेसाठी घेणे, हे मला या टिपणातले सर्वांत आवडलेले.

अनुपलब्धी

आता मी माझ्या विषयाकडे येतो. समोरच्या जमिनीवर घडा नाही, हे मला कसे कळते? घडा दिसत नाही म्हणून. कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी आणि पुढे अद्वैत वेदान्त्यांनी न दिसणे हे अभाव कळण्याचे स्वतंत्र प्रमाण मानले. त्याला अनुपलब्धी म्हणतात. नैयायिकांनी ते स्वतंत्र मानले नाही, वाद झाला. पण एका गोष्टीवर दोघांचे जमते. कोणतेही न दिसणे चालत नाही. ते योग्य अनुपलब्धी हवे. म्हणजे घडा असता तर तो नक्की दिसला असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे धड हवेत, मध्ये आडोसा नको. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे म्हणणारा माणूस चूक करतो.

आता तिन्ही ठिकाणांना ही कसोटी लावा. जागच्या जागी काम असेल तर उजेड आहे. काम झाले नाही तर तसे दिसते, झाले तर तसे दिसते. थ्रेडवर काम असेल तर उजेड मंद आहे, थांबावे लागते, पण खोली एकच आहे. दूर काम असेल तर आपण अंधारात उभे आहोत. तिथे उत्तर न येणे ही योग्य अनुपलब्धी नाही. त्यावरून काम झाले नाही असा निष्कर्ष निघत नाही.

आणि पडद्यावरची ती ओळ नेमका तोच निष्कर्ष काढत होती: काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा. प्रोग्रॅमला उत्तर मिळाले नाही इतकेच खरे होते. त्याने ते 'झाले नाही' असे वाचले. जवळच्या हाकेत हे वाचन बरोबर ठरले असते. हाक एकसारखी दिसत होती म्हणून वाचनही एकसारखे केले गेले. माझ्या मते पारदर्शकतेचा खरा दोष हा आहे. ती ठिकाण झाकते, आणि त्याबरोबर आपण काय जाणू शकतो याची सीमाही झाकते.

हा प्रोग्रॅमरच्या आळसाचा प्रश्न नाही, हेही सांगायला हवे. 1985 मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी गणिताने सिद्ध केले, की निरोपाला किती वेळ लागेल याची काहीच हमी नसेल आणि एकही यंत्र बंद पडू शकत असेल, तर सगळ्या यंत्रांचे एकमत दर वेळी घडेलच अशी हमी देणारी कोणतीही निश्चित पद्धत नाही. मुळाशी कारण तेच: मेलेला आणि मंद यांत फरक करता येत नाही. हा अंधार कायमचा आहे. अंधार असणे हा दोष नव्हे. दिवा लागला आहे असे भासवणे हा दोष.

काळ सांगणे आणि देश लपवणे

कुणी म्हणेल, सर, आता सुधारणा झाली आहे. जावास्क्रिप्टमध्ये 2017 पासून 'अवेट' हा शब्द भाषेतच आहे. जिथे थांबायचे तिथे तो लिहावा लागतो. म्हणजे ही हाक साधी नाही हे ओळीतच दिसते.

बरोबर आहे, आणि मी त्याचे स्वागत करतो. पण 'अवेट' काय सांगतो ते बघा. तो सांगतो, इथे वेळ लागेल. शेजारच्या वर्करसाठीही 'अवेट', अमेरिकेतल्या सर्व्हरसाठीही 'अवेट'. रेल्सचा 'लेटर' हा शब्दही तसाच, नंतर. दोन्ही शब्द काळाचे आहेत. देशाचा, ठिकाणाचा शब्द कुठेच नाही. आणि खरा फरक तर ठिकाणाने पडतो, कारण ठिकाणाबरोबर नियती बदलते. उशीर होणे आणि कधीच न कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग ठिकाण सहीतच लिहायला लावले तर? ते झाले आहे. जावाच्या 1997 मधल्या दूर-हाक व्यवस्थेत प्रत्येक दूरच्या पद्धतीवर 'रिमोट एक्सेप्शन' लिहिणे सक्तीचे होते. 1994 च्या टिपणातल्या वोलराथ याच त्या व्यवस्थेच्या प्रमुख रचनाकारांपैकी. टिपणातला विचार भाषेत उतरला म्हणायचा. परिणाम? पुष्कळ प्रोग्रॅमरांनी तो अपवाद पकडला आणि गिळला. पकडण्याच्या कंसात रिकामी जागा. इथे माझा टिपणाच्या लेखकांशी मतभेद आहे. फरक दाखवला की माणसे त्याप्रमाणे वागतील, असे ते गृहीत धरतात. दाखवणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. 'माहीत नाही' हे उत्तर हातात पडल्यावर त्याचे काय करायचे, हे ठरलेले नसेल तर माणूस ते कचऱ्यात टाकतो.

सिद्धान्त

म्हणून माझा सिद्धान्त असा. काम कुठे होणार हे प्रत्येक ओळीत लिहा, असा आग्रह मी धरत नाही. पूर्वपक्षाच्या सोयी खऱ्या आहेत. पण जी व्यवस्था ठिकाण झाकते तिने तीन प्रश्नांची उत्तरे हाकेबरोबर मागितली पाहिजेत.

पहिला प्रश्न: हे काम दोनदा झाले तर चालेल का? 'दिवा लाव' हे दहादा सांगितले तरी चालते. 'दिव्याचे बटण दाब' हे दोनदा सांगितले तर अंधार होतो. पहिल्या प्रकाराला तिथे 'आयडेम्पोटंट' म्हणतात. वेबच्या एचटीटीपी या मूळ नियमांतच हा भेद आहे: 'पुट' ही विनंती पुन्हा केली तरी अपेक्षित परिणाम तोच राहतो, 'पोस्ट'ची तशी हमी नाही. साइडकिकसारख्या रांगाही सांगतात, की काम किमान एकदा होईल, नेमके एकदाच होईल असे धरू नका. फी भरण्यासारख्या कामाला आधीच एक खुणेचा क्रमांक द्यायचा, म्हणजे तोच क्रमांक पुन्हा आला तर तिकडचे यंत्र म्हणेल, हे झाले आहे, घ्या पावती. हा उपाय जुना आहे आणि स्वस्त आहे. माझ्या नातीच्या पानामागे तो असता तर तिला विचारावेच लागले नसते.

दुसरा प्रश्न: हे काम कुणाबरोबर मरेल? हाक मारणाऱ्याबरोबर, प्रक्रियेबरोबर, की स्वतंत्रपणे?

तिसरा प्रश्न: उत्तर आले नाही तर वापरणाऱ्या माणसाला काय सांगायचे? ज्या पडद्यावर 'झाले' आणि 'झाले नाही' असे दोनच निरोप आहेत, तो पडदा दूरच्या कामाबद्दल खरे बोलूच शकत नाही. तिसरा निरोप हवा: अजून कळलेले नाही, आम्ही बघत आहोत, तुम्ही काही करू नका.

हा तिसरा निरोप अशक्य आहे असे कुणी समजू नये. रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाने फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत जमा झाले पाहिजेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला शंभर रुपये. तक्रारीची वाट न बघता. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मला हा दस्तऐवज महत्त्वाचा वाटतो. 'माहीत नाही' ही अवस्था खरी आहे हे त्यात मान्य केले आहे, तिला मुदत दिली आहे, आणि त्या अज्ञानाची किंमत ग्राहकावर न टाकता यंत्रणेवर टाकली आहे. प्रोग्रॅमच्या रचनेतही हाच न्याय हवा. ज्याने काम दूर पाठवण्याचे ठरवले, अंधाराचा खर्च त्याचा. 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणणे म्हणजे तो खर्च रात्री साडेदहाला फॉर्म भरणाऱ्या मुलीच्या पदरात टाकणे.

शेवटी एक घरगुती उदाहरण देतो आणि थांबतो. आम्हा पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो पोचला नाही तर पुढे पेन्शन थांबते. मी मेलो असे कुणी लेखी म्हणत नाही, पण तसे धरून चालतात. संगणकांतही हेच चालते. दूरच्या यंत्राने ठरावीक वेळाने 'मी आहे' असा निरोप द्यायचा, त्याला ते 'हार्टबीट' म्हणतात, आणि निरोप चुकला की ते मेले असे धरायचे. ही व्यवस्था वाईट नाही, दुसरा मार्गही नाही. पण कोषागाराच्या पद्धतीत एक शहाणपण आहे. उशिरा दाखला घेऊन गेलो तर ते म्हणत नाहीत, तुम्ही मेलेले आहात, पुन्हा जन्म घ्या. दाखला घेतात आणि थकलेली रक्कम देतात. उत्तर न येण्यावरून काढलेला निष्कर्ष मागे घेण्याची वाट तिथे ठेवलेली आहे.

तेवढी वाट प्रत्येक दूरच्या हाकेला ठेवा, इतकेच माझे म्हणणे.